बाकामागची तुळजक्का

तुळजक्का आमच्या कॉलेजात कोण होती, हे कॉलेजच्या कुठल्याही कागदावरून कुणाला कळायचं नाही. स्टाफच्या हजेरीपटात ती नव्हती, ग्रुप फोटोत नव्हती, वार्षिक अहवालात शेवटी 'इतर सर्वांचे आभार' असतात त्यात असलीच तर असेल. दर जूनमध्ये ऑफिसातून तिला एक पत्र मिळायचं: 'क्रीडा विभागात मदतनीस, दहा महिन्यांकरिता.' अशी एकोणीस पत्रं तिच्या घरी पत्र्याच्या पेटीत होती. आणि तरी हॉसूर रोडवरच्या आमच्या त्या कॉलेजात मुलींची व्हॉलीबॉल टीम म्हणजे तुळजक्का, हे वॉचमनपासून प्रिन्सिपॉलपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक असून एखाद्या माणसाचं काही भलं होत नाही, हे मी तिच्या बाबतीत पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, त्यात माझाही हात होता. ते सांगायची लाज वाटते, म्हणूनच एकदा सांगून टाकते.

मी पुण्याची. नवऱ्याच्या नोकरीपायी इलेक्ट्रॉनिक सिटीत राहायला आले आणि या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायला लागले. पहिल्याच आठवड्यात सकाळच्या बसमध्ये एक पन्नाशीची बाई चढली. अंगावर गडद रंगाची सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि हातात साडेसात फुटांची बांबूची काठी. काठी ड्रायव्हरच्या मागून थेट चौथ्या सीटपर्यंत आडवी आली. कंडक्टर म्हणाला, "अक्का, लगेजचं तिकीट." ती कन्नडमध्ये म्हणाली, "ही काठी नव्हे, माझी नोकरी आहे. नोकरीला तिकीट लावतोस?" तो हसून पुढं गेला. तो गेल्यावर तिनं खिडकीकडं बघत स्वतःशीच म्हटलं, "मेला. रोज विचारतो." मी उडालेच.

"तुम्ही मराठी?"

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मराठी म्हणजे? साडेतीनशे वर्षांची मराठी. आमचे घोड्यावरनं आले इकडं. तू कशावरनं आलीस?"

"विमानानं."

"म्हणूनच," ती म्हणाली. का म्हणूनच, ते सांगितलं नाही. तिच्या बोलण्यात असं निम्मं आपण भरायचं असे.

ती काठी नेटची उंची मोजायची होती. मुलींच्या नेटची उंची जिथं येते तिथं तिनं लाल नेलपॉलिशची रेघ ओढली होती. काठी कॉलेजात ठेवली की मुलांची टीम ती पळवायची किंवा भलतीकडंच रेघ ओढून ठेवायची, म्हणून ती रोज घरी न्यायची आणि रोज परत आणायची. मोजायची टेप का घेत नाही, असं मी एकदा विचारलं. "टेप वाकते," ती म्हणाली. एवढंच.

मी तिच्या मराठीला हसायची. आता जीभ चावावीशी वाटते, पण तेव्हा हसायची. ती 'मी गेली', 'मी बोलली' म्हणायची. 'थोडं' म्हणायच्या जागी 'स्वल्प', 'पुरे'च्या जागी 'साकु', 'लवकर'ला 'बेगा', 'एवढंच'ला 'अष्टे', आणि उगाच काही केलं की 'सुम्ने'. मी एकदा मास्तरीण होऊन सांगितलं, "अक्का, 'मी बोलली' नाही, 'मी बोलले'." तिनं मान डोलावली. "तुझं मराठी इस्त्रीचं ग. माझं घरी धुवून वाळत घातलेलं. अंगावर दोन्ही बसतंय." पुन्हा मी तिचं मराठी सुधारायच्या भानगडीत पडले नाही.

आणि हेच मराठी तिनं टीमला शिकवलं होतं. मुली सगळ्या कन्नड, तमिळ, तेलुगू घरांतल्या. बऱ्याचजणींचे आईबाप बोम्मसंद्राच्या कारखान्यांत पाळीवर जाणारे. या शहरात कन्नड सगळ्यांना कळतं, तमिळ-तेलुगू निम्म्यांना, हिंदी उरलेल्यांना. समोरच्या टीमला कळू नये असं काही ओरडायचं तर भाषा एकच उरते, ती म्हणजे तुळजक्काच्या स्वयंपाकघरातली. तेव्हा ब्लॉकला 'झाकण'. जोरात मारायचं तर 'थाप'. समोरच्यांच्या ब्लॉकवरून हळूच पलीकडं टाकायचा बॉल म्हणजे 'चिमूट'. बॉल बाहेर जातोय, हात लावू नका, हे सांगायचं तर 'उतू!' सेल्वी नावाची आमची उंच तमिळ मुलगी, जिला मराठीतला दुसरा एक शब्द येत नव्हता, ती हवेतून 'झाकण, झाकण' करत नेटवर झेपावायची तेव्हा मला पोट धरून हसू यायचं. समोरच्या मुली मात्र गोंधळलेल्या असायच्या.

शिट्टी ती वापरत नसे. "शिट्टी पोलिसाला. पोरींना कशाला?" दर सोमवारी सरावाआधी मुलींना ओळीनं बसवून त्यांची नखं ती स्वतः कापायची, नेलकटर तिच्या किल्ल्यांच्या जुडग्यातच असायचा. नखं कापता कापता कोण जेवत नाही, कुणाच्या घरी काय चाललंय, कुणाचं मन कुठं गुंतलंय, सगळं तिला कळायचं. बोटं हातात आली की पोरी खरं बोलतात, असं ती म्हणायची. तिचं स्वतःचं उजवं मधलं बोट वाकडं होतं. एका सरकारी कारखान्याच्या टीमकडून ती अकरा वर्षं खेळली होती, त्याची ती खूण. डिग्री मात्र नव्हती. खेळत होती त्या वर्षांत कॉलेजला जायला तिला सवडच झाली नाही.

नागवेणी ही आमची सेटर, म्हणजे बॉल उचलून मारणाऱ्या मुलीच्या हातापर्यंत पोचवणारी. पुढं विद्यापीठ स्पर्धेचा कप आला त्या वर्षी ती कॅप्टन होती. त्याच्या आदल्या वर्षी तिच्या वडलांनी तिला कॉलेजातून काढून बोम्मसंद्राला असेंब्लीच्या कामाला लावायचं ठरवलं होतं. तुळजक्का त्यांच्या घरी गेली आणि मलाही बरोबर नेलं, "शिकलेली बाई सोबत असली की चहात साखर जास्त पडते" म्हणून. मला वाटलं आता ती पोटतिडकीनं बोलणार. ती खेळाबद्दल अवाक्षर बोलली नाही. मुद्दे, म्हणजे नाचणीच्या उकडीचा गोळा, खाल्ला, सार मागून घेतलं. मग नागवेणीच्या आईला म्हणाली, "भिंतीशी उभी राहा, हात वर कर." ती बिचारी लाजत उभी राहिली. जिथं बोट पोचलं तिथं तुळजक्कानं पेन्सिलीनं रेघ ओढली. मग नागवेणीला उडी मारायला लावली आणि तिथंही रेघ ओढली. दोन रेघांत हातभराहून जास्त अंतर पडलं. "हे एवढं," ती वडलांना म्हणाली, "तुम्ही दोघांनी पोटाला चिमटा घेऊन हिच्या अंगात घातलेलं. मशीनपुढं बसवून वाया घालवायचं तर घाला. तुमचंच आहे." आणि उठली. दोन दिवसांनी नागवेणी सरावाला आली. त्या रेघा नंतर घराला रंग दिला तेव्हाही त्यांनी पुसल्या नाहीत, असं नागवेणी सांगायची.

आता कागदाची गोष्ट.

कॉलेजात फिजिकल डायरेक्टरची एक कायम जागा होती. तिच्यावर एक गृहस्थ होते. वर्तमानपत्र वाचणं हा त्यांचा एकमेव खेळ, पण स्पर्धांच्या फॉर्मवर कोच म्हणून नाव त्यांचं जायचं. ते रिटायर झाले. तुळजक्काला ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय नव्हती. ती सरळ प्रिन्सिपॉलच्या केबिनमध्ये गेली आणि म्हणाली, "ती जागा मला द्या."

"डिग्री कुठाय, अक्का?" प्रिन्सिपॉल म्हणाले. मग नियमांची फाईल काढून त्यांनीच वाचून दाखवलं की डिग्री नसली तरी, विद्यापीठ पातळीवर जिंकलेल्या टीमचा कोच असला तर विचार करता येतो. "तेव्हा आधी कप आणा. मग जागेचं बघू." म्हणाले आणि हसले. आमची टीम दुसऱ्या फेरीच्या पुढं कधी गेलेली नव्हती. चंद्र मागणाऱ्या पोराला शिडी आण म्हणतात, तसलं ते हसणं होतं.

तुळजक्का हसली नाही. "सरी," म्हणाली. म्हणजे ठीक. तेव्हा ती त्रेपन्न वर्षांची होती. दर जूनला पत्र येतं का नाही म्हणून गेटकडं डोळे लावणं तिला संपवायचं होतं. त्या मोसमात तिला काय हवं होतं, ते हे.

पुढच्या आठवड्यात स्पर्धेचा फॉर्म आला. कोचच्या रकान्यात कायम नोकरीतल्या माणसाचंच नाव चालेल, असा नियम. तुळजक्का थेट माझ्या लॅबमध्ये आली. मी ब्युरेट धरून उभी.

"तुझं नाव दे ग."

"मला व्हॉलीबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, अक्का."

"तुला कुठं कळायचंय? बाकावर बसायचं. मी मागनं 'हात' म्हणली की हात वर करून टाइम-आउट मागायचा. अष्टे."

मी नाव दिलं. आम्ही दोघींनी मिळून केलेली चूक ती हीच, आणि आजन्म न जिंकलेली माणसंच ती करू शकतात. जिंकलेल्या टीमच्या कोचला एक वेगळं प्रशस्तिपत्र मिळतं, त्यावर फॉर्ममधलंच नाव छापतात, हे आम्हाला माहीतच नव्हतं. कप आणला की कप दिसेल, कुणी आणला तेही दिसेल, असं तिला वाटलं. मी तर एवढी शिकलेली, फॉर्म भरण्यात हयात गेलेली. मलाही तसंच वाटलं.

त्या मोसमात आम्ही जिंकत गेलो. कसे, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. मी बाकावर बसायची, कॉलेजचा टी-शर्ट घालून, मांडीवर वही धरून. वहीत दुसऱ्या दिवशीच्या प्रॅक्टिकलची तयारी. पाठीमागं कठड्याला टेकून तुळजक्का. 'हात' असा आवाज आला की मी हात वर करायची. मुली बाकाशी धावत यायच्या, माझ्याभोवती गोल करायच्या आणि माझ्या खांद्यावरून मागं तिच्याकडं बघायच्या. अर्ध्या मिनिटात ती चार वाक्यं बोलायची. "सेल्वी, तू पायाकडं बघालीस. बॉल पायात नाही. नागू, डावीकडची ती पोरगी दमली, तिच्या डोक्यावरनंच टाक. पाणी प्या. बेगा." मी मध्ये बसलेली, देवळातल्या नंदीसारखी. लोकांना वाटायचं कोच फार शांत आहे. एका वर्तमानपत्रात तसं छापूनही आलं. मी ते कात्रण पुण्याला आईला पाठवलं. गंमत म्हणून पाठवलं, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

फायनल शहरातल्या एका इनडोअर हॉलमध्ये होती. समोर एक मोठं कॉलेज. त्यांचा कोच टॅबलेट घेऊन बसलेला, त्याला दोन मदतनीस. दोन-दोन सेट झाले. पाचवा सेट पंधरा गुणांचा. नऊ-अकरा असे आम्ही मागं होतो, आणि तुळजक्का कठड्यावरून निम्मी वाकून 'चिमूट, चिमूट' म्हणून ओरडत होती. नागवेणीनं तसंच केलं आणि दोनदा गुण मिळाला. अकरा-अकरा.

तेव्हा त्यांचा कोच पंचांकडं गेला. मागं उभी असलेली बाई कुठल्या तरी भाषेत कोचिंग करतेय, ती कोण, तिचं नाव कुठं आहे, असं त्याचं म्हणणं. त्याचं चूक नव्हतं. पंच शिट्टी वाजवून माझ्याकडं आले. वयस्कर, सभ्य माणूस. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "मॅडम, त्या बाई तुमच्याबरोबर आहेत का?"

हो म्हटलं असतं तर काय झालं असतं? नाव नसलेली व्यक्ती सहा सामने कोचिंग करतेय हे उघड झालं असतं, कदाचित टीम बाद झाली असती. हे कारण खरं आहे. पण ते मला नंतर सुचलं, आणि मग वर्षभर ते मी सगळ्यांना सांगितलं. त्या क्षणी माझ्या मनात एवढंच होतं की सगळा हॉल माझ्याकडं बघतोय आणि मी पकडले जाणार. मागं वळूनसुद्धा न बघता मी म्हटलं, "नो सर. पब्लिक."

दोन स्वयंसेवक तिच्याकडं गेले. ती वाद घालणार असं मला वाटलं. कंडक्टरला न सोडणारी बाई. तिनं पिशवी उचलली आणि त्यांच्यामधून चालत दाराकडं गेली. मुली कोर्टवर उभ्या राहून बघत होत्या. सेल्वीच्या डोळ्यांत पाणी आलं. नागवेणीनं माझ्याकडं एकदा बघितलं. त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही.

मग तिनं बॉल जमिनीवर दोनदा आपटला आणि तुळजक्काच्याच आवाजात, तिच्याच हेलात ओरडली, "बेगा ग पोरींनो!" पुढचे गुण त्या मुली एकमेकींना सांगत खेळल्या. झाकण म्हणाल्या, थाप म्हणाल्या. शेवटचा बॉल समोरच्या मुलीनं मारला तो आमच्या मागच्या रेषेकडं निघाला, सेल्वी हात घालायला धावली आणि सगळ्याजणी एका सुरात किंचाळल्या, "उतू!" तिनं हात मागं घेतला. बॉल रेषेबाहेर पडला. सोळा-चौदा. आम्ही जिंकलो.

बाहेर शहाळेवाल्याच्या गाडीपाशी तुळजक्का उभी होती. आरडाओरड्यावरून तिला निकाल कळला होता. मुलींनी तिच्या अंगावर उड्या टाकल्या. तिनं एकेकीच्या पाठीवर हात फिरवला, सेल्वीचा घोटा दाबून बघितला, सगळ्यांना शहाळी प्यायला लावली. मी चार पावलं लांब घुटमळत होते. गर्दी ओसरल्यावर ती माझ्याकडं आली.

"बरं केलीस," ती म्हणाली. "खरं बोलली असतीस तर पोरींचा कप जायचा."

मला केवढं बरं वाटलं! तिनं माफ केलं असं मी समजले. ती मला समजावून सांगत होती की स्वतःला, याचा विचार मी केला नाही.

बक्षीस समारंभ त्यानंतर आतच झाला. कोच म्हणून माझं नाव पुकारलं. काचेच्या फ्रेममधलं प्रशस्तिपत्र, त्यावर सोनेरी अक्षरांत माझं नाव, नवऱ्याच्या आडनावासकट. तुळजक्काला आत येऊ दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी ती फ्रेम तिला द्यायला गेले. तिनं ती हातात धरून सावकाश वाचली आणि परत दिली. "तुझं नाव आहे ग याच्यावर. माझ्या भिंतीवर तुझं नाव लावून काय करू?"

कॉलेजच्या गेटवर बॅनर लागला. त्यावर संस्थेचे सेक्रेटरी, प्रिन्सिपॉल, मी आणि लहान गोलांत मुली. शिपायाला बॅनर नीट ताणून बांधता येईना, तेव्हा त्यानं तुळजक्काला हाक मारली, कारण नेट बांधून बांधून तिच्यासारखी गाठ कुणालाच येत नव्हती. तिनं शिडीवर चढून चारही कोपरे बांधून दिले.

मग आम्ही दोघी प्रिन्सिपॉलकडं गेलो. त्यांनी आम्हाला बसवलं, कॉफी मागवली. हे वाईट लक्षण होतं.

"अक्का, तुम्ही केलं हे मला ठाऊक नाही काय?" ते म्हणाले. "पण वर कागद पाठवायचा तर मॅडमनी लेखी द्यायला हवं की कोच त्या नव्हत्या. मग वरून विचारतील, सहा सामन्यांच्या शीटवर सही कुणाची? खोटी माहिती दिली म्हणून कप परत. मुलींची सर्टिफिकेटं परत." सेल्वी आणि नागवेणी, दोघींनी तेव्हा खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरीला अर्ज केलेले होते. त्या सर्टिफिकेटांवरच. "तुम्ही सांगा, मॅडम. देताय लेखी?"

मी तुळजक्काकडं बघितलं. आपण उत्तर द्यायचं सोडून मी तिच्याकडं बघितलं.

"नको," ती म्हणाली. "पोरींचं जाईल. साकु."

कॉफी तिनं पूर्ण प्यायली. मला इतकं हलकं वाटलं की बाहेर आल्यावर मी तिचा हात धरला. तिनं धरू दिला, थोडा वेळ.

त्या जूनमध्ये तिचं विसावं पत्र आलं नाही. क्रीडा विभाग एका एजन्सीकडं दिला आहे, असं ऑफिसनं सांगितलं. मी प्रिन्सिपॉलकडं रदबदली करायला गेले होते. एकदा गेले. त्याच महिन्यात माझ्या बढतीचा फॉर्म होता. 'क्रीडा व इतर क्षेत्रांतील योगदान' असा एक रकाना होता, त्याला गुण होते, आणि माझ्याकडं फ्रेम होती. फ्रेममधून प्रशस्तिपत्र काढून मी त्याची झेरॉक्स जोडली. आयत्या बिळावर नागोबा कसा होतो, ते लोकांना उगाच गूढ वाटतं. तो रांगेत उभा राहून, फॉर्म भरून होतो. बढती झाली. पेढे वाटले. मला क्रीडा समितीची प्रमुखही केलं. सेल्वी आणि नागवेणीला नोकऱ्या लागल्या, हे एवढंच त्या सगळ्यात चांगलं झालं. नागवेणीनं पेढे तुळजक्काच्या घरी नेऊन दिले. माझ्याकडं ती आली नाही.

तुळजक्काला मी फोन करायची, ती उचलायची, "बरी आहे ग" म्हणायची. मग मी कमी करत गेले. तिनं तक्रार केली असती, शिव्या दिल्या असत्या, तर मी रोज केला असता.

कप आल्यानंतर दुसऱ्या वर्षी संस्थेनं फिजिकल डायरेक्टरची ती कायम जागा भरायला काढली. मुलाखतीला तीन उमेदवार. समितीत प्रिन्सिपॉल, विद्यापीठाकडून आलेले एक तज्ज्ञ, आणि क्रीडा समितीची प्रमुख म्हणून मी. यादी सकाळी टेबलावर आली तेव्हा मला कळलं. तिसरं नाव: तुळजाबाई राव. मला उठून जाता आलं असतं. उमेदवार माझ्या ओळखीची आहे, असं म्हणून बाहेर बसता आलं असतं. मी पाणी प्यायले आणि बसले.

ती आत आली. निळी साडी, पायात चपला. केस बरेच पांढरे झाले होते. तिनं तिघांना वेगवेगळा नमस्कार केला आणि खुर्चीच्या कडेवर बसली. तज्ज्ञ चांगला माणूस होता. त्यानं कन्नडमध्ये, आदरानं विचारलं, "अम्मा, सध्या काय करता?"

"सर्जापूर रोडला एका अपार्टमेंटात लहान मुलांना खेळवते. शनिवार-रविवार."

"त्याआधी इथंच होतात. एकोणीस वर्षं." त्यानं कागद उलटले. "म्हणजे या कॉलेजनं कप आणला तेव्हा तुम्ही होतात की."

"होते."

"टीमबरोबर तुमचं काम काय होतं?"

ती टेबलाच्या कडेकडं बघत होती. प्रिन्सिपॉल खिडकीकडं. मी तिच्या अर्जाकडं, ज्यावर तिनं सुवाच्य अक्षरात पत्ता लिहिला होता.

"नेट बांधायची," ती म्हणाली. "बॉलात हवा भरायची. पाणी आणायची."

"आणि कोचिंग?"

आता ती सांगेल, असं मला वाटलं. सांगावं असंही वाटलं आणि सांगू नये असंही, आणि दुसरं जास्त जोरात वाटलं. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. त्यात राग नव्हता. राग असता तर मी आज निवांत झोपले असते.

"या मॅडमनी," ती म्हणाली. "कागद आहे ना, सर, तुमच्याकडं."

"आहे, आहे," तज्ज्ञ खूश होऊन माझ्याकडं वळला. "अभिनंदन मॅडम. फार शांत कोच म्हणून तुमचं ऐकलं होतं." मग रीतीप्रमाणं त्यानं विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय यांना?"

एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "नाही. काही नाही."

ती उठली. आपले कागद एकावर एक नीट लावून पिशवीत ठेवले, खुर्ची होती तिथं सरकवली, तिघांना पुन्हा वेगवेगळा नमस्कार केला आणि दार न वाजवता ओढून घेतलं. शिपायानं गुणांचा तक्ता आणला. 'कोचिंगचा अनुभव, पुराव्यासह' असा रकाना होता, दहापैकी. प्रिन्सिपॉल आणि तज्ज्ञांनी आपापले आकडे टाकले आणि तक्ता माझ्याकडं सरकवला. तिच्या ओळीत दोघांचीही शून्यं होती. खिडकीतून मला ती ग्राउंडच्या कडेनं गेटकडं जाताना दिसत होती. एजन्सीच्या मुलानं नेट लावलं होतं, मध्ये लोंबत होतं. ती तिथं थांबली, पिशवी खाली ठेवली, खांबाशी जाऊन दोरी सोडली, ओढून ताणली आणि गाठ मारली. मग पिशवी उचलून चालायला लागली. "मॅडम?" प्रिन्सिपॉल म्हणाले. मी मान खाली घातली आणि तिच्या नावापुढं शून्य लिहिलं.